बागेतले छप्पर : शहरी उद्यानांतील सार्वजनिक निवाऱ्याचे नियोजन आणि निधी

उद्यानातील सार्वजनिक निवारा म्हणजे चहूबाजूंनी मोकळे किंवा फार तर एका अंगाने भिंतीचा आडोसा असलेले, चार-सहा खांबांवर पेललेले छप्पर आणि त्याखालची बैठक, अशी त्याची साधी व्याख्या करता येते. मात्र महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या कागदपत्रांत हीच वस्तू कधी ‘विरंगुळा केंद्र’, कधी ‘ज्येष्ठ नागरिक कट्टा’, कधी ‘बहुउद्देशीय शेड’, तर कधी ‘सभामंडप’ म्हणून येते. आणि नाव बदलले की तिचे खाते बदलते, तिचे लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या सदराखाली मांडला जातो ते सदर, बदलते आणि पुष्कळदा तिला लागू होणारा नियमही बदलतो. या नावांच्या गर्दीत मूळ गरज मागे पडते. उन्हात चालून दमलेला वृद्ध, अवकाळी सरीत सापडलेली लेकुरवाळी, घरात जागा नाही म्हणून बागेत पुस्तक उघडून बसलेला विद्यार्थी यांना हवी असते ती डोक्यावर सावली, पाठीला टेका आणि कोणी उठवणार नाही याची खात्री. महाराष्ट्राच्या शहरांत ही गरज कशी मांडली जाते, तिच्यासाठी जागा आणि पैसा कुठून येतो आणि बांधून झालेले छप्पर पुढे कसे जगते, याचा विचार केला असता एक गोष्ट वारंवार समोर येते : छप्पर उभारायला पैसा मिळतो, ते राखायला मिळत नाही, आणि हे कोणाच्या आळसामुळे घडते त्यापेक्षा निधीच्या वाटा ज्या रीतीने आखल्या आहेत त्यामुळे अधिक घडते.

सार्वजनिक निवाऱ्याची कल्पना या भूमीला नवी नाही. पिंपळाचा किंवा वडाचा पार, देवळाच्या ओवऱ्या, घाटाखालची धर्मशाळा, वारीच्या वाटेवरचा विसावा आणि उन्हाळ्यातली पाणपोई ही सगळी त्याचीच रूपे होत. त्यांतल्या पाराचे शहाणपण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे, कारण तिथे छप्पर म्हणजे झाड, बैठक म्हणजे झाडाच्या बुंध्याभोवती रचलेला चौथरा, आणि राखण म्हणजे गावाची वहिवाट. ओवरी असो वा धर्मशाळा, तिच्यामागे देवस्थान, गाव किंवा एखादे दानशूर घराणे उभे असे आणि झाडलोट, दिवाबत्ती व डागडुजी कोणी करायची हे ठरलेले असे. ब्रिटिश काळातील उद्यानांनी बँडस्टँडची, म्हणजे वाद्यवृंदासाठी बांधलेल्या छत्रीवजा मंडपाची, भर घातली; मुंबईतील कूपरेजचा बँडस्टँड त्याची ओळखीची खूण आहे. स्वातंत्र्योत्तर शहरांनी या दोन्ही परंपरांमधून आकार उचलले, पण राखणीची व्यवस्था मात्र उचलली नाही.

निवाऱ्याचा पहिला प्रश्न जमिनीचा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने प्रत्येक शहराला विकास आराखडा करावा लागतो आणि त्यात उद्यान, क्रीडांगण, शाळा अशा सार्वजनिक कामांसाठी जमिनी राखून ठेवल्या जातात. यालाच व्यवहारात ‘आरक्षण’ म्हणतात. आरक्षण पडले म्हणजे बाग झाली असे होत नाही. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर याच कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे मालक खरेदीची सूचना बजावू शकतो, आणि २०१५च्या दुरुस्तीनंतर ठरलेल्या २४ महिन्यांच्या मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. शहरांतील कितीतरी बागा नकाशावर हिरव्या रंगात दिसतात आणि जागेवर सापडत नाहीत, त्याचे एक मोठे कारण हे आहे. दुसरी वाट खासगी वसाहतींची आहे. राज्याच्या २०२०च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना दहा टक्के जागा मनोरंजनाची मोकळी जागा म्हणून सोडावी लागते. तिथे निवारे झटपट उभे राहतात, पण ते फाटकाच्या आत असतात आणि ज्यांना घरात सावली मिळण्याची खात्री नाही अशांपर्यंत ते पोहोचत नाहीत.

केंद्र सरकारच्या नगरनियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे, आणि महाराष्ट्रातली दाट वस्तीची शहरे, विशेषतः मुंबई, या मापाच्या जवळपासही जात नाहीत. म्हणून उद्यानात घातलेले प्रत्येक चौरस मीटर बांधकाम ही आधीच तुटपुंज्या असलेल्या ठेवीतून केलेली उचल आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या खटल्यात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी शुश्रूषागृहाला देणे बेकायदा ठरवले आणि आजूबाजूच्या रहिवाशांना त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आहे हेही मान्य केले. रुग्णालयासारख्या चांगल्या हेतूसाठीही बाग मोडता येत नाही, हे त्या निकालाचे सार निवाऱ्याच्या बाबतीत फार उपयोगी पडते. निवारा बागेसाठी असतो तोवर तो बागेचा भाग आहे. त्याला भिंती आल्या, दार आले, दाराला कुलूप आले आणि आतल्या सभागृहाचे भाडे आकारले जाऊ लागले की तो बागेतून काढून घेतलेला तुकडा ठरतो. जागेची पाहणी करताना झाडांचाही विचार आधी व्हायला हवा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे वृक्षतोडीला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. कृत्रिम सावलीसाठी जिवंत सावली तोडण्याची वेळ ज्या आराखड्यात येते, तो आराखडा कायद्याच्या आधी साध्या समजुतीलाच धरून नाही.

यापुढे पैशाचा प्रश्न येतो आणि तो सर्वांत गुंतागुंतीचा आहे. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा शहरी सुविधा म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. तरीही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ महापालिकेची कर्तव्ये बंधनकारक आणि ऐच्छिक अशी विभागतो आणि पाणी, सांडपाणी, रस्ते ही कामे पहिल्या गटात असताना उद्याने दुसऱ्या गटात मोडतात. तिजोरीत खडखडाट झाला की आधी काय कापले जाणार, हे या विभागणीनेच ठरवून टाकले आहे. त्यात महापालिकांच्या स्वतःच्या उत्पन्नाचा पायाही गेल्या दशकात हलला. जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५पासून तो बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला, मुंबईची जकात जुलै २०१७मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर संपली, आणि त्याबदली राज्याकडून मिळणाऱ्या अनुदानावर शहरे अवलंबून राहू लागली. स्वतःचा कर स्वतः वसूल करणारी संस्था लहानशा कामासाठी स्वतःच्या निर्णयाने पैसा काढू शकते. अनुदानाची वाट पाहणारी संस्था तसे करायला कचरते.

म्हणून निवाऱ्याचा पैसा बहुधा मुख्य अंदाजपत्रकातून न येता त्याच्या कडेकडेने येतो. पुण्यात नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेल्या छोट्या कामांच्या यादीला ‘स’ यादी म्हणतात, आणि बाक, शेड, कमानी अशी कामे तिच्यात हटकून असतात. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना डिसेंबर १९९३मध्ये सुरू झाली आणि २०११-१२पासून तिच्यात प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात; राज्यातील आमदारांचा असाच निधी २०२०पर्यंत २ कोटी होता, तो पुढे टप्प्याटप्प्याने ५ कोटींवर गेला. जिल्हा नियोजन समितीचा निधी, केंद्राच्या अमृत योजनेतील हिरव्या जागांसाठीचा वाटा आणि कंपनी कायदा, २०१३च्या कलम १३५खाली ठराविक मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रकमेचा जो सामाजिक खर्च करावा लागतो तो, या आणखी काही वाटा आहेत. या सगळ्यांचा कल टिकाऊ मालमत्ता उभारण्याकडे आहे, आणि हिशेबाच्या भाषेत हा भांडवली खर्च होय. झाडणाऱ्याचा पगार, दिव्याचे बिल, गळणाऱ्या पन्हळीची दुरुस्ती हा महसुली खर्च, आणि तो मुकाट्याने महापालिकेच्या उद्यान विभागावर येऊन पडतो. खासदार निधीच्या कामात तर मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या यंत्रणेकडून देखभालीची हमी आधीच घेतली जाते. हमीचा कागद फायलीला लागतो. पण त्या हमीपोटी अंदाजपत्रकात रक्कम धरली गेली की नाही, हे विचारणारे कोणी नसते.

प्रत्यक्ष कागद कसा हलतो हे पाहिले म्हणजे अडचण अधिक स्पष्ट होते. अभियंता राज्य दरसूचीच्या, म्हणजे प्रत्येक कामाचे शासनमान्य दर देणाऱ्या पुस्तकाच्या, आधारे पूर्वगणनपत्रक तयार करतो. त्याला तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग स्थायी समितीची मंजुरी आणि शेवटी कार्यादेश अशी ही साखळी असते. समजा मूळ काम २० लाख रुपयांचे आहे. त्यावर बांधकाम मजूर कल्याणाचा एक टक्का उपकर म्हणजे २० हजार रुपये आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे ३ लाख ६० हजार रुपये चढतात. जुलै २०२२पूर्वी हा कर १२ टक्के होता, म्हणजे त्याच छपराची करापोटीची रक्कम एका फटक्यात १ लाख २० हजारांनी वाढली. तरतूद २० लाखांचीच राहिली असेल तर वाढलेला भार बहुधा दिवे, रॅम्प किंवा पावसाचे पाणी साठवण्याची टाकी यांच्यावरच निघतो, कारण ती वगळली तरी उद्घाटनाच्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. याउलट वर्षाच्या उत्तरार्धात न खर्चलेल्या रकमा एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळवल्या जातात. याला महापालिकेच्या परिभाषेत ‘वर्गीकरण’ म्हणतात, आणि कुठलाही अभ्यास न झालेले कितीतरी निवारे या वर्गीकरणातून जन्माला येतात.

मार्चअखेरची घाई हा त्यातला सर्वांत घातक भाग आहे. अंदाजपत्रक एप्रिलपासून लागू होते, पावसाळ्यात पायाचे काम करता येत नाही, निविदा दिवाळीच्या आगेमागे उघडतात, आणि मग ३१ मार्चपूर्वी बिल निघावे म्हणून काँक्रीट ऐन फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत ओतले जाते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटच्या किंवा उष्ण-कोरड्या हवेतल्या कामाला किमान १० दिवस ओलावा द्यावा लागतो. मजूर ज्याला ‘पाणी मारणे’ म्हणतात ते हेच. खांबांना गुंडाळलेले गोणपाट दुपारपर्यंत वाळून कडक झाले असेल आणि बागेतला नळ सकाळी एकच तास चालत असेल, तर काँक्रीटची ताकद तिथेच गळून जाते. त्याची खूण लगेच दिसत नाही. उत्तर प्रदेशातील गाझियाबाद जिल्ह्यात मुरादनगर येथे ३ जानेवारी २०२१ रोजी स्मशानभूमीतल्या सार्वजनिक निवाऱ्याचे छत कोसळले, आणि अंत्यविधीला आलेली व पावसामुळे त्या छताखाली उभी राहिलेली किमान २४ माणसे मृत्यू पावली. बांधकाम अलीकडचेच होते. स्थानिक नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांना आणि कंत्राटदाराला अटक झाली. निवाऱ्याचा आकार लहान म्हणून त्याची तपासणीही वरवर केली तरी चालते, हा समज किती महाग पडतो हे त्या दिवशी दिसले. लोक छताखाली गर्दी करतात ती नेमकी वादळ-पावसातच, म्हणजे छतावरचा भार सर्वाधिक असताना.

आराखड्याच्या बाबतीत महाराष्ट्राच्या हवामानाची शिकवण स्पष्ट आहे. नैऋत्येकडून येणारा पाऊस सरळ न पडता तिरपा येतो आणि त्याची वाछट, म्हणजे वाऱ्याने आत उडणारे तुषार, उंच छपराखालच्या बाकांना पहिल्या दहा मिनिटांत ओले करते. म्हणून छप्पर जितके उंच, तितके त्याचे पाखे, म्हणजे खांबांच्या बाहेर आलेला उतरता भाग, रुंद असावे लागते, किंवा पश्चिमेला विटांची जाळी घालावी लागते. नुसता पत्रा घातला तर एप्रिलमध्ये तोच तापून खालच्या माणसांना भाजतो आणि जुलैमध्ये त्याच्या आवाजाने शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही; मंगलोरी कौले किंवा पत्र्याखाली पोकळी सोडून घातलेला दुसरा थर या दोन्ही त्रासांवरचा जुना उपाय आहे. तकतकीत घासलेली कोटा फरशी छायाचित्रात शोभते आणि पहिल्या पावसात म्हातारी माणसे तिच्यावरून घसरतात, तर खरबरीत शहाबादी पायाला धरून राहते. चौथरा पाणी साचू नये म्हणून उंच घ्यावा लागतो, पण मग चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ उताराचा रॅम्प आलाच, म्हणजे ४५ सेंटिमीटर उंचीला ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबी. ही लांबी नकाशात आधी धरली नाही तर पुढे जो रॅम्प होतो तो चढण्याजोगा राहत नाही. बाकाला पाठ आणि हात हवेत, कारण गुडघेदुखीच्या माणसाला उठताना धरायला काहीतरी लागते. आणि बसलेला माणूस वाटेवरून दिसायला हवा, कारण जो निवारा झाडीआड दडलेला असतो तिथे बायका संध्याकाळी थांबत नाहीत आणि मग तो निवारा निम्म्या शहराचाच राहतो.

पाण्याचा हिशेब तर फार सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पुण्यासारख्या साधारण ७०० मिलिमीटर पावसाच्या शहरात १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ७० हजार लिटर पाणी पडते आणि गळती-बाष्पीभवन वजा जाता ५० हजारांहून अधिक लिटर बागेच्या झाडांना मिळू शकते. बागेतले छप्पर बागेकडून जमीन घेते. हे पाणी त्या बदल्यात काही परत देते.

निर्णयात लोकांचा वाटा किती, हा यातला राजकीय प्रश्न आहे. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहराने १९८९मध्ये सहभागी अंदाजपत्रकाची, म्हणजे शहराच्या खर्चाचा काही भाग नागरिकांनी थेट ठरवण्याची, रीत सुरू केली आणि पुणे महापालिकेने २००६-०७पासून तिचे एक रूप स्वीकारले. पुण्यात नागरिक क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपल्या भागातली छोटी कामे सुचवतात. ही पद्धत मौल्यवान आहे आणि ती टिकवली पाहिजे, पण तिच्यातली उणीवही मान्य करायला हवी : अर्जात काम कोणते हवे हे विचारले जाते, ते पुढे कोण वापरणार आणि कोण राखणार हे विचारले जात नाही, आणि पोर्तो आलेग्रेमध्ये शेजाऱ्यांनी सभेत बसून जी घासाघीस केली ती इथे एकेकट्याने भरलेल्या कागदात होत नाही. मार्च २०२२मध्ये पुणे-मुंबईसह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६च्या निवडणुकांपर्यंत जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला, त्या काळात तर प्रभागातल्या छपराविषयी जाब विचारायला निवडून दिलेला माणूसच नव्हता. नगरसेवकांच्या ‘संकल्पनेतून’ असे लिहिलेल्या मोठ्या फलकांवर पुष्कळ टीका होते आणि ती योग्यच आहे, पण त्या फलकावर निदान तक्रार कोणाकडे न्यायची हे तरी कळत होते.

देखभालीचा भार खासगी किंवा स्वयंसेवी संस्थांवर सोपवण्याचा मार्ग मुंबईत आजमावून झाला आहे. मोकळ्या जागा दत्तक किंवा देखरेखीसाठी देण्याच्या धोरणातून काही मैदानांवर क्लब उभे राहिले आणि सर्वसामान्यांना तिथे पाय ठेवणे अवघड झाले. जानेवारी २०१६मध्ये पालिकेने असेच नवे धोरण मंजूर केले तेव्हा नागरिकांच्या विरोधानंतर मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. राखणारा मिळावा म्हणून मालकी सैल करणे हा उपाय दुखण्यापेक्षा वाईट ठरतो. तसाच दुसरा धोका निवाऱ्याचे हळूहळू देवस्थान होण्याचा आहे : आधी भिंतीवर तसबीर, मग कोनाडा, मग रोजची आरती आणि उत्सवाचा मांडव. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी रस्ते, उद्याने आणि इतर सार्वजनिक जागांवर धर्मस्थळांचे अनधिकृत बांधकाम होऊ न देण्याचा आदेश दिला आहे, पण पहिली तसबीर लागते त्या आठवड्यात तिथे कोणी कर्मचारी रोज येत असेल तरच त्या आदेशाचा उपयोग होतो. रोजचा वावर ही खरी राखण आहे. १९९५मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईतल्या एका बागेत पाच माणसांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, आणि आज राज्यातल्या कितीतरी बागांत पहाटेचे निवारे अशा मंडळींमुळेच स्वच्छ राहतात. पाण्याची पिशवी आणि खराटा घेऊन येणारे हे निवृत्त लोक कोणत्याही करारनाम्यात नसतात. त्यांना एक नळ, एक कपाट आणि तक्रारीची दखल घेणारा एक उद्यान निरीक्षक मिळाला, तर पुष्कळ साधते. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे बांधकामातला दोष त्याने स्वखर्चाने काढून देण्याची मुदत, चालू असतानाच पहिली गळती कोणीतरी लेखी कळवली पाहिजे, आणि ते काम ही माणसे सर्वांत चांगले करू शकतात.

या सगळ्या खर्चात एक बाब अशी आहे की जी जवळजवळ कुठल्याच पूर्वगणनपत्रकात येत नाही. राज्यातल्या अनेक शहरांत बागा सकाळी आणि संध्याकाळी उघडतात आणि भर दुपारी फाटकाला कुलूप असते, म्हणजे ज्या वेळी सावलीची गरज सर्वाधिक त्याच वेळी छप्पर बंद दाराआड उभे असते. मे २०१०च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३मध्ये उष्मा कृती आराखडा केला, पुढे नागपूरसह इतर शहरांनी तसे आराखडे स्वीकारले, आणि अशा आराखड्यांत उन्हाळ्यात बागा दुपारी उघड्या ठेवण्याची सूचना असते. दुपारी बाग उघडी ठेवायची तर दुपारच्या पाळीला एक रखवालदार लागतो; त्याचा पगार महसुली खर्चात मोडतो, त्याला खासदार निधी चालत नाही, त्याच्यासाठी फीत कापली जात नाही, आणि डांबरावरून चालत आलेला भाजीवाला, हातगाडी फाटकाशी लावून, छपराखाली जाऊन बसेल की कुलूप पाहून पुढे चालू लागेल, हे त्या एका माणसावर ठरते.